बोर्डिंगांची कुळकथा

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, विणकामाचे नमुने आणि अहवाल असतातच. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, कोणीतरी इतिहासावर लिहा. इतिहास म्हटले की लढाया आणि गड. ते लिहिणारे पुष्कळ आहेत. मी मात्र लिहिणार आहे ते मुलांच्या राहण्याजेवण्याच्या इतिहासाविषयी, म्हणजे बोर्डिंगांविषयी. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भाषेत कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे. माहिती मात्र पुस्तके वाचून, आणि आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आठवून दिली आहे.

विषय सुचला तो पुतणीमुळे. ती शिकायला अमेरिकेत आहे. तिकडच्या विद्यापीठांत म्हणे हल्ली अशी पद्धत आहे की एका विषयाची आवड असलेली मुलेमुली वसतिगृहाच्या एकाच मजल्यावर ठेवायची. कुठे संगीताचा मजला, कुठे शेतीचा, कुठे एखाद्या घरात राहणाऱ्यांनी फ्रेंचच बोलायचे. काही ठिकाणी शिक्षकही त्याच इमारतीत राहतात. शिकणे आणि राहणे वेगळे ठेवायचे नाही, अशी त्यामागची कल्पना. पुतणीने हे मोठ्या कौतुकाने सांगितले. मी तिला म्हटले, “बाई गं, हे आपल्या साताऱ्याला तुझ्या पणजोबांच्या वेळी होते.” तिला ते खरे वाटेना. म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी कोल्हापूर. पूर्वी खेड्यातला मुलगा हुशार असला तरी शिकणार कोठे? शाळा-कॉलेज शहरात. तेथे ओळखीचे घर पाहिजे, आणि त्या घराच्या चुलीशी आपली जात जुळली पाहिजे. फी माफ झाली तरी भाकरीचा प्रश्न सुटत नव्हता. शिक्षण अडायचे ते पुस्तकावर नव्हे, ताटावर. छत्रपती शाहू महाराजांनी हे बरोबर ओळखले. १८९४ साली ते गादीवर आले आणि १८९६ साली राजाराम कॉलेजच्या मुलांसाठी त्यांनी वसतिगृह काढविले. ते होते सर्व जातींसाठी, पण थोड्याच वर्षांत ते एकाच जातीच्या मुलांचे होऊन बसले. तेव्हा महाराजांनी दुसरा मार्ग धरला. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच साली जैन बोर्डिंग, १९०६ साली मुसलमान मुलांचे, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पुढे लिंगायत, दैवज्ञ, शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती अशी एकामागून एक बोर्डिंगे उभी राहिली. महाराजांनी कोणाला जागा दिली, कोणाला इमारत, कोणाला सालिना रक्कम. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच.

आता कोणी विचारील, जातवार बोर्डिंगे काढून महाराजांनी जाती पक्क्याच केल्या की नाही? मी पुष्कळदा यावर विचार केला आहे. मला वाटते, त्या काळी दुसरा उपाय चालला नसता. आईबाप मुलगा पाठवायलाच तयार नसत, शहरात गेला की बाटेल म्हणून. आपल्या समाजाचे बोर्डिंग म्हटल्यावर धीर यायचा. आणि प्रत्येक समाजातल्या चार पैसेवाल्यांना आपले बोर्डिंग चालविण्याची चढाओढ लागली, तीही फायद्याचीच. पण एक खरे. मुलगा शाळेत सर्वांबरोबर एका बाकावर बसे आणि संध्याकाळी आपापल्या जातीच्या पंगतीला परत जाई. त्याच्या डोक्यात शाळेने काय भरले ते संध्याकाळची पंगत काढून घेत असे. ही अडचण कोल्हापुरातल्याच एका बोर्डिंगातल्या मुलाला टोचली. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा. घर जैन शेतकऱ्याचे. राजाराम हायस्कुलात शिकताना ते जैन बोर्डिंगात राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीची अंघोळ करायला नाही म्हणाले, त्यावरून त्यांचे बोर्डिंगातले राहणे संपले, असे त्यांच्या चरित्रांत सांगतात. पुढे ते काही काळ शाहू महाराजांच्याच आश्रयास होते. शिक्षण इंग्रजी सहावीपर्यंत झाले, पुढे नाही. (इंग्रजी सहावी म्हणजे माझ्या सातवीपेक्षा बरीच वरची हो. कोणी गैरसमज करून घेऊ नये.) नंतर त्यांनी ओगल्यांच्या कारखान्याचे कंदील विकले, किर्लोस्करांचे नांगर विकले. नांगर विकायला गावोगाव फिरले, म्हणून कोणत्या गावात कोणता मुलगा हुशार आणि उपाशी आहे हे त्यांना पाठ झाले. मला तर वाटते, रयत शिक्षण संस्थेचा पाया कागदावर पडला नाही, तो या नांगराच्या फेऱ्यांत पडला.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळ काले गावी संस्था स्थापन झाली. १९२४ साली भाऊराव साताऱ्यास आले आणि तेथे बोर्डिंग काढले. येथे मात्र एकाच जातीचे असे काही ठेवले नाही. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी, ज्याला शिकायचे आहे तो. एक घर, एक चूल, एक पंगत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या बोर्डिंगाला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नाव मिळाले. ज्यांनी जातवार बोर्डिंगे काढली त्यांचेच नाव सर्व जातींच्या बोर्डिंगाला दिले, हे मला फार आवडते. भाऊरावांना महाराजांचे ऋण कळत होते आणि आपण त्यांच्या एक पाऊल पुढे टाकतो आहोत हेही कळत होते.

माझे आजेसासरे याच बोर्डिंगात १९३४ च्या सुमारास होते. माझे लग्न होऊन मी या घरी आले तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते, पण बोर्डिंगाचा विषय निघाला की ताठ बसत. धनिणीच्या बागेत बोर्डिंग होते. पहाटे उठायचे, पाणी भरायचे, झाडलोट करायची, मग स्वयंपाकाची पाळी असेल त्यांनी चुलीशी बसायचे. ज्वारीच्या भाकऱ्या आणि आमटी. पहिल्या दिवशी त्यांनी भाकरी थापली ती म्हणे मधे जाड आणि कडेला फाटलेली, आणि ज्या मुलाने हात धरून थापायला शिकवले तो मांगाचा होता. “माझ्या आईला हे दोन वर्षं सांगितलं नव्हतं,” असे म्हणून ते हसत. सांगितल्यावर आईने काय केले, असे मी विचारले. तर म्हणाले, “काही बोलली नाही. पुढच्या खेपेला डब्यात दोघांपुरत्या दशम्या दिल्या.”

सुट्टीच्या दिवशी कष्टाचे काम असे. शेतात, बागेत, बांधकामावर. घरून पैसे आणणारा मुलगा आणि काहीच न आणणारा मुलगा यांच्या हातात एकच खोरे. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आपण आता फलकांवर वाचतो. आजेसासऱ्यांना ते शब्द ऐकायला फार उशिरा मिळाले, घट्टे आधी पडले होते. आणि भाऊराव? मुले त्यांना अण्णा म्हणत. अनवाणी पाय, पांढरी दाढी, जाडेभरडे कपडे. रात्री कंदील घेऊन झोपलेल्या मुलांच्या अंगावर पांघरूण आहे की नाही ते पाहून जात. शिक्षक आणि विद्यार्थी एका छपराखाली राहणे म्हणजे काय, हे त्या मुलांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला तिकडे येते. भाऊरावांचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंचे किती जणींना ठाऊक आहे?

लक्ष्मीबाई या भाऊरावांच्या पत्नी. माहेर खाऊनपिऊन सुखी, सोवळ्याओवळ्याचे. नवऱ्याने एक दिवस अस्पृश्य मानलेला मुलगा घरी शिकायला आणला, मग आणखी एक, मग दहा. भगिनींनो, आपण क्षणभर त्यांच्या जागी उभ्या राहू या. पुरुषाने सभेत जात मोडणे वेगळे आणि बाईने स्वतःच्या स्वयंपाकघरात मोडणे वेगळे. सभा तासाभराची असते. स्वयंपाकघर सकाळ-संध्याकाळ असते, आणि माहेरची माणसे आली, सणवार आला, की जाब बाईलाच द्यावा लागतो. लक्ष्मीबाईंना हे सुरुवातीला जड गेले असेल तर त्यात नवल नाही. पण एकदा पदर खोचला तो खोचला. मुलांचे दुखणेखुपणे, अंघोळी, डोक्यातल्या उवा, रडणे, सगळे त्यांनी केले. बोर्डिंगात धान्य संपे तेव्हा भाऊराव वर्गणीसाठी कुठेतरी गावी गेलेले असत. घरी असत त्या लक्ष्मीबाई आणि भुकेली मुले. अंगावरचा एकेक दागिना गेला. शेवटी एका दिवशी काहीच उरले नाही तेव्हा त्यांनी मंगळसूत्र काढून दिले आणि मुलांच्या पोटाची सोय केली. आपल्या लोकांत सवाष्णीने मंगळसूत्र काढून देणे म्हणजे काय हे पुरुषांना सांगून कळणार नाही, तुम्हाला न सांगता कळेल.

१९३० साली त्या गेल्या. आजेसासरे बोर्डिंगात आले तेव्हा त्या नव्हत्या, पण थोरली मुले धाकट्यांना त्यांच्याविषयी सांगत. रयत शिक्षण संस्थेत त्यांना रयतमाउली म्हणतात. ते योग्यच आहे. परंतु मला नेहमी वाटते की त्या केवळ माउली नव्हत्या, त्या बोर्डिंगाच्या संस्थापकांपैकी एक होत्या. पुरुषाने पैसा घातला तर त्याला देणगीदार म्हणतात आणि नाव दगडावर कोरतात. बाईने घातला तर त्याला त्याग म्हणतात, आणि त्यागाची पावती कोणी फाडत नाही.

लक्ष्मीबाई एकट्याही नव्हत्या. ‘मूठफंड’ ही गोष्ट आपल्यातल्या थोरल्या बायकांनी ऐकली असेल. गावोगावच्या घरी बाईने दळायला बसण्यापूर्वी जात्यात घालायच्या धान्यातली एक मूठ बाजूला काढून ठेवायची. साठलेले धान्य बोर्डिंगाकडे जायचे. मूठभर जोंधळ्याने घरच्यांचे काही कमी होत नाही, पण एवढ्या गावांतून एवढ्या मुठी म्हटल्यावर पंगती उठतात. ज्या बायकांनी ती मूठ काढली त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती.

मग मुलींचे काय, असे तुम्ही विचाराल. मीही विचारले होते. आजेसासरे जरा घुटमळले आणि म्हणाले, “ते पुढं झालं.” पुढे म्हणजे १९४२ साली साताऱ्यास संस्थेने बायकांना शिक्षिका करणारे जिजामाता अध्यापिका विद्यालय काढले. परंतु राहून शिकण्याची मुलींची वाट त्याआधीच पुण्याच्या बाजूने निघाली होती. अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला तो पुण्यात, आणि १९०० साली प्लेगामुळे तो हिंगण्यास नेला. तेथे त्यांना ६ एकर जागा आणि झोपडीसाठी ७५० रुपये एका सद्गृहस्थांनी दिले होते. कर्वे दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत आणि चिखल तुडवीत हिंगण्यास जात. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा, उशिरा शिकलेल्या. त्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करीत हिंडल्या आणि पुढे अमेरिकेतही जाऊन आल्या. तेथे परक्यांच्या घरी कामे करून राहिल्या. परत येऊन त्यांनी ‘माझी कहाणी’ लिहिली. १९१६ साली हिंगण्यासच महिला विद्यापीठ निघाले. जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाविषयी एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली, तीवरून त्यांना ही कल्पना सुचली. शिक्षण मराठीतून, आणि गृहजीवनशास्त्र, आरोग्य असे विषय. पुढे १९२० साली ठाकरसींची १५ लाखांची देणगी मिळाली आणि विद्यापीठाला नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लागले. तेच आजचे एस. एन. डी. टी.

हिंगण्याची गोष्ट वाचताना मला माझे दिवस आठवतात. आमच्या गावी शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी सहा मैलांवर जावे लागे. माझे दोघे भाऊ तालुक्याच्या गावी बोर्डिंगात राहून शिकले. एक मास्तर झाला, एक बँकेत लागला. मुलींच्या राहण्याची सोय जवळपास नव्हती, आणि मला एकटीला वाटेने पाठवायला वडील तयार नव्हते. माझे मार्क भावांपेक्षा कमी नव्हते. कमी होते ते एक छप्पर आणि एक पंगत. म्हणून कोणी म्हणाले की बोर्डिंग म्हणजे काय, नुसते झोपायचे ठिकाण, तर मला ते ऐकवत नाही.

अमेरिकेचे थोडेसे सांगते, कारण पुतणीने मला तिकडची माहिती मिळवून दिली आणि मी ती दोनदा वाचून घेतली. १९२७ साली, म्हणजे साताऱ्याच्या बोर्डिंगाला नाव मिळाले त्याच वर्षी, विस्कॉन्सिन विद्यापीठात मॅडिसन गावी अलेक्झांडर मायकलजॉन नावाच्या प्राध्यापकांनी प्रयोगाचे एक कॉलेज काढले. मेंडोटा नावाच्या तळ्याकाठी ॲडम्स हॉल म्हणून वसतिगृह होते, त्यातच मुले राहत आणि शिक्षकांच्या खोल्याही तेथेच. पहिले वर्षभर सर्वांनी मिळून जुन्या ग्रीसमधील अथेन्स शहराचा अभ्यास करायचा, दुसऱ्या वर्षी आपल्या काळच्या अमेरिकेचा. तास-घंटा नाही, नेहमीसारख्या परीक्षा नाहीत. बोलणे, वाचणे, वाद घालणे, सगळे राहत्या घरी. आजच्या त्या विषयवार मजल्यांचा हा एक पूर्वज. पण ते फक्त मुलग्यांसाठी होते, आणि १९३२ साली बंद पडले. मुले येईनाशी झाली, मंदीचा काळ होता, आणि गावातल्या व विद्यापीठातल्या पुष्कळांना ते रुचले नव्हते.

साताऱ्याचे बंद पडले नाही. का, असे मी मनाशी विचारले. मला दिसते ते कारण असे की मॅडिसनची मुले पुस्तकाभोवती एकत्र आली होती आणि साताऱ्याची चुलीभोवती. पुस्तकाचा कंटाळा येऊ शकतो, भाकरीचा येत नाही. शिवाय तिकडचा प्रयोग विद्यापीठाच्या मर्जीवर होता आणि इकडचा गावच्या मुठीवर. माझे हे मत विद्वानांना पटेल न पटेल.

साताऱ्याची पुढची हकीकत थोडक्यात. १९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल, मोफत आणि राहून शिकायचे. १९४७ च्या जूनमध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने असताना, छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. कॉलेजातल्या मुलांनीही हातात कुदळ घ्यायची आणि अंगमेहनतीवर फी-जेवण भागवायचे, हे तेथे चालू झाले. बी. ए. होणारा मुलगा माळ खणतो म्हणून पुष्कळ लोक नाक मुरडीत. आईबापांनाही वाटे की शेतातून सुटावा म्हणून पोराला पाठवला, तर तिथेही शेतच. पण त्याच मुलांतून शिक्षक निघाले आणि ते पुन्हा खेड्यांतल्या शाळांवर गेले. १९५४ साली कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. १९५९ च्या एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी. लिट. दिली. इंग्रजी सहावी झालेल्या माणसाला! ९ मे १९५९ रोजी ते वारले.

माझी मुलगी सध्या कॉलेजच्या वसतिगृहात राहते. खोलीत तिघी. एक विदर्भातली, एक कोकणातली, एक आमची. जात कोणी कोणाला विचारली नाही, असे ती म्हणते, आणि मला ते खरे वाटावे अशी फार इच्छा आहे. जेवण मेसमध्ये मिळते, ताट स्वतः धुवावे लागत नाही. परीक्षेच्या दिवसांत तिघी तीन दिवे लावून तीन भिंतींकडे तोंड करून बसतात, एकमेकींशी बोलत नाहीत. मी तिला एकदा म्हटले, सुट्टीच्या दिवशी तरी तिघींनी मिळून काहीतरी शिजवून खात जा. ती म्हणाली, आई, शेगडी लावायला परवानगी नाही.

आमच्या आजेसासूबाईंचे मुठीचे गाडगे अजून घरात आहे. सोप्यातल्या फळीवर असते. त्याला गळ्याशी एक चीर गेली आहे, म्हणून त्यात पाणी राहत नाही, पण धान्य राहते. आजेसासूबाई रोज सकाळी त्यात मूठ टाकीत. मूठफंडाचे धान्य न्यायला माणूस यायचा थांबला त्यालाही किती वर्षे झाली, तरी त्यांची सवय गेली नाही. गाडगे भरले की त्या धान्य दारी येणाऱ्या कोणालाही देऊन टाकीत आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला लागत. ज्या भगिनींच्या घरी असे एखादे मुठीचे गाडगे किंवा डबा असेल, किंवा आजीने सांगितलेली काही आठवण असेल, त्यांनी मला मंडळाच्या सभेनंतर गाठावे. मी ते लिहून ठेवीत आहे.